चांगुणाबाईंची पवारणा

आषाढ पौर्णिमेला भंते उपसेन गावात आले, तेव्हा त्यांच्याजवळ एक झोळी, एक छत्री आणि मधुमेहाच्या गोळ्यांची डबी एवढंच सामान होतं. मूळचे किनवटकडचे. भिक्खूचं चीवर घेण्याआधी कुठल्याशा वसतिगृहाचे अधीक्षक होते म्हणे. विहाराच्या मागं पत्र्याची एक खोली होती, तिथं त्यांनी वर्षावास धरला. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एकाच जागी राहायचं, असा नियम. जळकोटहून सात किलोमीटर आत असलेल्या या गावाला वर्षावासासाठी भंतेजी मिळाले, ही पहिलीच वेळ. त्यामुळं सगळ्या वस्तीला त्यांचं फार अप्रूप.

त्यांच्या जेवणाचं सगळं चांगुणाबाईंनी अंगावर घेतलं. भंतेजी दुपारी बारानंतर काही खात नसत, म्हणून साडेअकराच्या आत डबा पोचायला हवा. कोणत्या दिवशी कुणाचं घर, कुणी भाजीत तिखट कमी टाकायचं, कुणी गोड अजिबात करायचं नाही, हे त्या ठरवत. चांगुणाबाई बासष्टच्या. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. मुलगा आनंदराज उदगीर आगारात कंडक्टर, मुलगी दीपमाला नांदेडला दिलेली. वस्तीत त्यांचा शब्द चाले. त्यांच्यासारखं घर चालवावं, त्यांच्या सुनेसारखी सून मिळावी, असं बायका बोलत.

सून म्हणजे मनिषा. लातूरजवळच्या मुरुडची. बारावी झालेली. वर्षावासात रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असे, ते तीच करायची. आवाज मोठा नव्हता, पण शब्द स्वच्छ. ती वाचायला लागली की मागं बसलेल्या चांगुणाबाई शेजारणीला कोपरानं हळूच ढोसत. "माझी सून हाय. कमी बोलती, पण आजवर उलटून बोलली न्हाई," असं त्या कितीदा तरी सांगत.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. सकाळी विहार माणसांनी भरून गेलं. बायका पांढऱ्या लुगड्यांत, माणसं इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यांत. वंदना झाली, पंचशील झालं. मागं अंगणात तीन भगुन्यांत खीर रटरटत होती. भंतेजी बोलायला बसले.

"आजच्या दिवसाला पवारणा म्हणतात," ते म्हणाले. "नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. तीन महिने एका छपराखाली माणसं राहिली की कुरबुर होतेच. भिक्खू झाला म्हणून काय झालं, माणूसच तो. एकदा काही भिक्खू वर्षावास संपवून भगवंतांना भेटायला गेले. भगवंतांनी विचारलं, कसे राहिलात? ते म्हणाले, फार छान. भांडण नको म्हणून आम्ही तीन महिने एकमेकांशी बोललोच नाही. त्यांना वाटलं, शाबासकी मिळेल. पण भगवंत म्हणाले, गोठ्यातली जनावरंसुद्धा अशीच शेजारीशेजारी राहतात. याला सुखानं राहणं म्हणत नाहीत."

लोक हसले. भंतेजी हसले नाहीत.

"तेव्हापासून हा दिवस ठरला. आज प्रत्येक भिक्खू दुसऱ्यांपुढं उकिडवा बसतो, हात जोडतो आणि विचारतो. माझं काही वावगं तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल, कानांनी ऐकलं असेल, किंवा नुसती शंका आली असेल, तर माझ्यावर दया करून सांगा. मला पटलं तर मी सुधारेन. थोरला भिक्खू आधी विचारतो, धाकटा मागून. थोरला आधी, हे लक्षात ठेवा."

मग त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "मी इथं एकटा आहे. एकट्या भिक्खूनं मनाशीच म्हणावं, आज माझी पवारणा, असा नियम आहे. ते मी पहाटे केलं. पण तीन महिने मला बघितलंय ते तुम्ही. नियमात नाही, तरी विचारतो. माझं काही चुकलं असेल तर सांगा."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कोणी म्हणालं, "भंतेजी, तुमचं काय चुकणार!" कोणी म्हणालं, "आमचंच काही चुकलं असंल." आणि मग मागच्या भिंतीला टेकून बसलेले ग्यानोबा उठून उभे राहिले. सत्तरीचे, वाकलेले, कधी कुणाच्या अध्यात नसलेले.

"भंतेजी, पहाटे पाचला भोंग्यावर वंदना लावता," ते म्हणाले. "भोंगा माझ्या घरावरच हाय. बायकोला लकवा झालाय. रातभर तिचा डोळा लागत न्हाई. पहाटे कुठं लागतो, तर..."

"ग्यानोबा, खाली बस की," पुढून कुणीतरी दटावलं.

भंतेजींनी हात वर केला. "तीन महिने?"

"हाव."

"आधी का नाही सांगितलं?"

"वंदना बंद करा असं कुन्या तोंडानं म्हणावं?" ग्यानोबा म्हणाले. "लोक काय म्हणले असते?"

भंतेजींनी ग्यानोबांकडं बघून हात जोडले. "भोंग्याखाली कोण झोपलंय, हे एकदाही माझ्या मनात आलं नाही," ते म्हणाले. "चूक माझी आहे. उद्यापासून भोंगा लागणार नाही. आणि आज दुपारी मी तुमच्या घरी येतो, बाईंना भेटायला. तुम्ही सांगितलंत, माझ्यावर उपकार केलेत."

ग्यानोबा खाली बसले आणि त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. पुढं खीर वाटली, पोरंटोरं जेवली, बायका गप्पा मारत होत्या. चांगुणाबाई वाढत होत्या, पण त्यांचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. थोरला आधी, हे शब्द त्यांच्या छातीत जाऊन बसले होते.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. दीपमालाला बघायला नांदेडहून पाहुणे यायचे होते. त्याआधी दोन स्थळं हातची गेलेली. घरात सकाळपासून धांदल. अकराच्या सुमाराला घरातला एकुलता एक फोन वाजला. मनिषाला तेव्हा स्वतःचा फोन नव्हता. चांगुणाबाईंनी उचलला. मुरुडहून मनिषाचा भाऊ सत्यम बोलत होता. तिच्या वडिलांना, दादांना, लातूरला दवाखान्यात ठेवलंय, डॉक्टरांनी आशा सोडलीय, ताईला लगेच लावून द्या. चांगुणाबाई म्हणाल्या, "हाव, लगेच लावून देते."

आणि त्यांनी सुनेला सांगितलंच नाही. सून रडत निघून गेली असती, पाहुण्यांना कळलं असतं, ते अर्ध्या वाटेतून परत फिरले असते. चार तासांनी काय बिघडणार, असं त्यांनी मनाला समजावलं. पाहुणे आले, जेवले, मुलगी पसंत आहे असं सांगून साडेतीनला गेले. पाऊण तासानं मनिषाचे वडील गेले. पाचला सत्यमचा दुसरा फोन आला, तो तेवढा चांगुणाबाईंनी मनिषाच्या हातात दिला. रात्री तिच्याबरोबर त्या स्वतः मुरुडला गेल्या आणि विहिणीच्या गळ्यात पडून म्हणाल्या, "पाचला कळलं हो, तसंच निघालो."

दीपमालाचं लग्न झालं, तिचं चांगलं चाललं. मनिषानं कधी काही विचारलं नाही. तिला काही ठाऊक नाही, असंच चांगुणाबाई धरून चालल्या होत्या. फक्त रोज पंचशील म्हणताना, खोटं बोलणार नाही हे चौथं शील आलं की त्यांचा आवाज आपोआप बारीक व्हायचा.

दुपारी बोअरच्या हौदावर दोघी खिरीची भगुनी घासायला बसल्या. आनंदराज ड्यूटीवर होता. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"मनिषा, भंतेजींनी सांगितलं ते ऐकलंस न्हवं?"

"हाव."

"मग मी विचारून राहिले तुला. माझं काही तू पाहिलं असंल, ऐकलं असंल, नुसती शंका आली असंल, तर सांग."

मनिषा हसली. "काय हो आत्या. ते भिक्खूंचं हाय."

"असू दे. तरी सांग."

"काही न्हाई. तुमी लई चांगल्या हाव."

इथंच सोडून देता आलं असतं. चांगुणाबाई हात धुऊन उठल्यासुद्धा. दोन पावलं गेल्या आणि वळून बघितलं, तर मनिषा भगुन्याची एकच जागा घासत होती. ती जागा केव्हाच लख्ख झाली होती.

चांगुणाबाई परत आल्या. तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. त्यांचे गुडघे दुखत, तसं बसवत नसे, तरी बसल्या.

"तुज्या दादांचं काही असंल, तर ते बी सांग."

मनिषाचा हात थांबला. तिनं वर बघितलं नाही.

"मी पुऱ्या तळून राहिले होते," ती हळूच म्हणाली. "फोन वाजला. तुमी घेतलाव अन् बाहेर गेलाव. मी खिडकीतून बघत होते. परत आलाव तर तुमचं तोंड उतरलेलं. मी विचारलं, कुणाचा? तुमी म्हणलाव, राँग नंबर. हे पाहिलेलं."

चांगुणाबाईंनी हौदाचा काठ धरला.

"मुरुडला गेल्यावर सत्यम म्हणला, ताई, मी अकरालाच फोन केलता, तुज्या सासूनं उचलला. हे ऐकलेलं."

"नऊ वर्षं तुला माहीत होतं?"

"हाव."

"अन् शंका?"

मनिषानं आता त्यांच्याकडं पाहिलं. "शंका एकच हाय. दादा जाऊन राहिलेत, हे तुमाला कळलं होतं का? का आवाजच नीट आला न्हवता? रेंज नसंल, अर्धंमुर्धं ऐकू आलं असंल, असं मी नऊ वर्षं मनाला सांगून राहिले. म्हणून इथं राहू शकले."

तिनं स्वतःच वाट करून दिली होती. हाव, नीट ऐकू आलं न्हाई, एवढंच म्हणायचं होतं. म्हणलं असतं तर मनिषानं ते घेतलंही असतं आणि संध्याकाळी दोघी नेहमीसारख्या विहारात गेल्या असत्या.

"नीट ऐकू आलं होतं," चांगुणाबाई म्हणाल्या. "दादा आजचा दिवस काढत न्हाईत, असं म्हणला होता तो. मला सगळं कळलं होतं, मनिषा. मी माझ्या पोरीचं बघितलं. तुजं बघितलं न्हाई."

मनिषानं हात धुतले. भगुनं तसंच अर्धवट टाकून ती घरात गेली आणि दार लावून घेतलं. चांगुणाबाईंनी उरलेली भगुनी घासली, उपडी घातली आणि तिथंच हौदाच्या काठावर बसून राहिल्या.

संध्याकाळी ग्रंथाचं शेवटचं वाचन होतं. मनिषा आली नाही. बायका विचारायला लागल्या, काय झालं, बरं न्हाई का? डोकं दुखतंय, हे चांगुणाबाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "माझ्यामुळं आली न्हाई," त्या म्हणाल्या. शेवटची पानं भंतेजींनीच वाचली.

पुढचे दिवस अवघड गेले. मनिषा सगळं करायची. भाकरी वाढायची, पाणी भरायची, चांगुणाबाईंच्या गोळ्या वेळेवर काढून द्यायची. पण शब्द नाही. आनंदराज घरी आला तेव्हा चांगुणाबाईंनी त्यालाही सगळं सांगितलं. तो सुन्न झाला. "आई, सासरा होता तो माझा," एवढंच म्हणाला आणि अंगणात जाऊन उभा राहिला.

भंतेजी निघायच्या दिवशी चांगुणाबाई त्यांच्या खोलीवर डबा घेऊन गेल्या. काय घडलं ते त्यांनी थोडक्यात सांगितलं. "भंतेजी, बोलले मी. पण जरा बी हलकं वाटंना."

"ज्याला लागलंय त्याला आधी हलकं वाटू द्या," भंतेजी म्हणाले. "तुमचा नंबर नंतर."

पाचव्या दिवशी सकाळी मनिषा आपण होऊन समोर येऊन बसली. डोळे सुजलेले होते.

"आत्या, माय सत्यमशी नीट बोलत न्हाई, हे तुमाला माहीत हाय?"

"न्हाई. कामून?"

"तिला वाटतं, त्यानं मला उशिरा कळवलं. तुमी तिला पाच म्हणलाव, तिनं तेच धरलं. सत्यम सांगून दमला, अकराला फोन केला म्हणून. माय म्हणती, इहीणबाई कशाला खोटं बोलतील, तूच खोटा. दादांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्या पाव्हण्यांत तिनं त्याला बोल लावला." मनिषानं पदरानं डोळे पुसले. "मी तिथंच बसले होते. मला सगळं माहीत होतं. मी तोंड उघडलं न्हाई. तुमाला खोटं पाडलं असतं तर ह्या घरात कशी नांदले असते? म्हणून भावाला खोटं पडू दिलं."

चांगुणाबाईंनी डोळे मिटले. एक खोटं बोलून आपण मोकळ्या झालो, आणि ते कुणाकुणाच्या दारात जाऊन बसलं, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"मी येते मुरुडला," त्या म्हणाल्या. "इहीणबाईला मी सांगते."

"तुमालाच सांगावं लागंल. मी तुमच्या वतीनं बोलणार न्हाई. मला माझंच सत्यमला विचारायचंय."

रविवारी दोघी निघाल्या. उदगीर ते लातूर आनंदराजचीच गाडी होती. त्यानं आईला खिडकीशी जागा दिली, बायकोजवळ पाण्याची बाटली ठेवली आणि काही न बोलता पुढं तिकिटं काढायला गेला. लातूरला दुसऱ्या गाडीत बसताना तो खाली उतरला आणि गाडी हलेपर्यंत खिडकीला धरून उभा राहिला.

मुरुडला मनिषाची आई, लक्ष्मीबाई, दारातच अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. लेकीला बघून त्यांचं तोंड फुललं. "अगं माय, न सांगता? इहीणबाई बी? या, या, बसा."

पाणी झालं. चहा ठेवायला लक्ष्मीबाई उठायला लागल्या, तेव्हा चांगुणाबाईंनी त्यांचा हात धरला.

"इहीणबाई, चहा नका ठेवू. आधी ऐका माझं. मग ठेवायचा का न्हाई ते तुमी ठरवा."

आणि त्यांनी सांगितलं. पाहुणे यायचे होते इथपासून पाचच्या फोनपर्यंत. कुठं थांबल्या नाहीत, स्वतःची बाजूही घेतली नाही. लक्ष्मीबाईंच्या मांडीवर अंबाडीची पानं तशीच पडून होती.

"सत्यमनं अकराला फोन केला होता?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"अन् तुमी त्याला काय म्हणलाव?"

"लगेच लावून देते, म्हणले."

"लावून देते म्हणलाव," लक्ष्मीबाईंनी तेच शब्द हळूच उच्चारले. मग मांडीवरची पानं त्यांनी बाजूला सारली. शेवटी म्हणाल्या, "मनी, सत्यमला बोलाव."

सत्यमचं पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान रस्त्यावरच होतं. तो हातातलं काम टाकून आला. कोपरापर्यंत काळे हात. दारात सगळ्यांची तोंडं बघून तो थबकला.

"कोण गेलं?"

"कुणी न्हाई. इकडं ये," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "तू अकरालाच फोन केलतास."

सत्यमनं चांगुणाबाईंकडं बघितलं, मग बहिणीकडं. "हाव," तो म्हणाला. "सांगून सांगून मी सोडून दिलं होतं, माय."

लक्ष्मीबाई उठल्या. त्यांनी त्याला न्हाणीपाशी नेलं, साबणाची वडी घेतली आणि त्याचे हात धुवायला लागल्या. चौतीस वर्षांचा गडी, दोन लेकरांचा बाप, लहान पोरासारखे हात पुढं करून उभा राहिला. काळं निघत नव्हतं. त्या चोळतच होत्या. "सगळ्या पाव्हण्यांत बोलले रे मी तुला," त्या म्हणत होत्या. "सगळ्या पाव्हण्यांत."

"जाऊ दे माय."

"जाऊ दे कसं?"

मनिषा त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली होती. "सत्यम, मला माहीत होतं," ती म्हणाली. "तू खरं बोलून राहिलास हे मला माहीत होतं. मी गप बसले. माझं चुकलं."

"तुला माहीत हाय, हे मला बी कळत होतं," सत्यम म्हणाला. त्याला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "तुला नांदायचं होतं की."

इकडं चांगुणाबाईंनी पिशवी उचलली. आता या घरात आपलं काम नाही, असं त्यांना वाटलं. त्या उंबऱ्यापर्यंत पोचल्या होत्या.

"कुठं निघालाव?" लक्ष्मीबाईंनी मागून विचारलं.

"निघते, इहीणबाई."

"बसा." आवाज कडक होता. "मी तुमाला माफ केलं, असं आज म्हणणार न्हाई. ते खोटं होईल."

"बरोबर हाय."

"पण बसा. त्या दिवशीचं मी ह्या पोरीला कधी सांगितलंच न्हाई. आठवलं की ह्या सत्यमचा राग यायचा, तोंडातून निघायचंच न्हाई. आता सांगते. तुमी बी ऐका."

चौघं बाजेभोवती बसली. लक्ष्मीबाईंनी पदरानं हात पुसले.

"तुजा बाप सकाळपासून चांगला बोलत होता, मनी. पडल्या पडल्या समोरच्या भिंतीकडं बघून म्हणला, लक्ष्मी, ही भिंत वळंब्यात न्हाई, वाकडी हाय. कुन्या मिस्त्रीनं बांधली? इतक्या दुखण्यात मला हसू आलं. जन्मभर भिंती बांधल्या, मरताना बी तेच. नर्सबाईला म्हणला, मला बरं करा, मी नीट करून देतो."

मनिषा ऐकत होती. तिनं तोंडावर हात धरला होता.

"मग म्हणला, मनीला कळवलं का? हा म्हणला, कळवलंय, निघाली हाय. तवापासून तुजा बाप तुजी गाडी मोजून राहिला. घड्याळाकडं बघायचा. आता जळकोट सोडलं असंल. आता उदगीर. उदगीरला गाडी जरा थांबती. दोन वाजता म्हणला, आता लातूरच्या वाटंवर लागली. मी मनात म्हणायचे, हा पोरगा बापाशी खोटं बोलला, कळवलंच न्हाई ह्यानं, अन् बाप येड्यावानी गाडी मोजून राहिलाय. म्हणून राग होता मला. लई राग."

"मला खरंच वाटत होतं तू निघालीस म्हणून," सत्यम बहिणीला म्हणाला. "मी दोनदा खाली फाटकापर्यंत जाऊन आलो."

चांगुणाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

"चारच्या आधी त्याला धाप लागली," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "मला जवळ बोलावलं. म्हणला, मनी स्टँडवर उतरली असंल. आली की आधी तिला चहा पाज, लांबून आली. मग रडू दे. एवढं बोलला, अन् डोळे मिटले. पुन्हा बोलला न्हाई. तू येऊन राहिलीस, हेच घेऊन गेला तो. तू आली न्हाईस, हे त्याला कळलंच न्हाई, मनी."

मनिषा आईच्या मांडीवर कोसळली. नऊ वर्षांत ती अशी रडली नव्हती. ना मयतीच्या दिवशी, ना नंतर. लक्ष्मीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. सत्यम उठून दाराकडं तोंड करून उभा राहिला. चांगुणाबाई जागच्या हलल्या नाहीत.

बऱ्याच वेळानं मनिषा उठून बसली. नाक पुसत म्हणाली, "माय, परत सांग."

"काय?"

"सगळं. सकाळपासून. दादांनी अंगात काय घातलं होतं?"

"तो निळा सदरा. न्हाई रे सत्यम?"

"निळा न्हाई, पट्ट्यांचा," सत्यम वळून म्हणाला. "निळा आदल्या दिवशीचा."

"हाव, पट्ट्यांचा," लक्ष्मीबाई म्हणाल्या आणि लेकासाठी बाजेवर जागा करून दिली. "तू बी बस. मी विसरले तर तू सांग."